मेडिकलच्या फळीवरची अँटासिडं: समीकरण मांडून केलेली पारख

मेडिकलमध्ये जाऊन 'अ‍ॅसिडिटीचं काहीतरी द्या' म्हटलं की चार तऱ्हेचा माल पुढे येतो: बाटलीतलं पांढरं किंवा गुलाबी जेल, चघळायची गोळी, फसफसणारी पुडी आणि कॅप्सूल. कोणतं घ्यायचं हे बहुतेक वेळा चवीवर आणि जाहिरातीवर ठरतं. या परीक्षणात चव बाजूला ठेवली आहे. लेबलावर जो घटक लिहिलाय त्याचं हायड्रोक्लोरिक आम्लाशी होणारं समीकरण मांडायचं, ते संतुलित करायचं आणि एका मात्रेत किती आम्ल खपतं ते काढायचं, एवढीच कसोटी. दहावी-अकरावीच्या मुलांना उदासिनीकरणाची समीकरणं शिकवायला यापेक्षा चांगलं सामान सापडणार नाही, कारण इथे आम्लापुढचा सहगुणक म्हणजेच औषधाची ताकद. तो चुकला की हिशेब दुपटीने किंवा तिपटीने चुकतो.

सुरुवात मिल्क ऑफ मॅग्नेशियापासून करावी. सगळ्यांत स्वच्छ समीकरण याचंच आहे. घटक एकच, मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड. मॅग्नेशिअमची संयुजा २, हायड्रॉक्साइड मूलकाची १, म्हणून सूत्र एमजी(ओएच)₂. पोटातलं आम्ल एचसीएल. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी, म्हणून कच्चं समीकरण असं:

एमजी(ओएच)₂ + एचसीएल → एमजीसीएल₂ + एच₂ओ

आधी धातू बघा. मॅग्नेशिअम दोन्हीकडे १, ठीक. मग क्लोरीन: डावीकडे १, उजवीकडे २. एचसीएलपुढे २ लावा. हायड्रोजन आणि ऑक्सिजन शेवटी. आता डावीकडे हायड्रोजन २ अधिक २ म्हणजे ४, उजवीकडे २. पाण्यापुढे २ लावलं की हायड्रोजन ४-४ आणि ऑक्सिजन २-२ जुळतात.

एमजी(ओएच)₂ + २ एचसीएल → एमजीसीएल₂ + २ एच₂ओ

मुलं अडखळतात ती तीन ठिकाणी. पहिलं, कंस गाळून एमजीओएच₂ लिहिणं. त्यात ऑक्सिजन एकच उरतो, मग पाणी काही केल्या जुळत नाही आणि मूल पाण्याशी झटापट करत बसतं, चूक मात्र मागे सूत्रात असते. दुसरं, क्षाराचं सूत्र एमजीसीएल असं लिहिणं. ते लिहिलं की एकास एक जुळवायचा मोह होतो. तिसरं आणि सगळ्यांत महाग, पाणी कमी पडलं म्हणून सहगुणकाऐवजी पादांक बदलून एच₂ओ₂ करणं. ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. म्हणून सूत्रं आधी संयुजेवरून पक्की करून घ्या, मग त्यांना हात लावायचा नाही. पुढे फक्त सहगुणक हलवायचे. हायड्रॉक्साइड असलेल्या आम्लारीची एचसीएलशी गाठ पडली की आणखी एक सोपी खूण आहे: सूत्रात जितके ओएच, तितकेच एचसीएल आणि तितकंच पाणी.

आता चमचा. मिल्क ऑफ मॅग्नेशियात साधारण ८ टक्के मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे ५ मिलीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास. रेणुवस्तुमान ५८.३. भागाकार केला की ६.९ मिलीमोल आम्लारी, आणि समीकरणातला २ लावला की १३.७ मिलीमोल आम्ल. सामू (पीएच) १ असलेलं आम्ल धरलं, म्हणजे ०.१ मोलर (लीटरला ०.१ मोल), तर हा एक चमचा जवळजवळ १३७ मिली आम्ल संपवतो. तो २ विसरलात तर उत्तर ६९ मिलीवर थांबेल.

हे डोळ्यांनी बघायचं तर जांभळ्या कोबीची चार पानं चिरून गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि जांभळं पाणी गाळून घ्या. काचेच्या ग्लासात अर्धा कप साधं पाणी, त्यात बाटली नीट हलवून एक चमचा मिल्क ऑफ मॅग्नेशिया, वर कोबीचं पाणी. रंग निळसर हिरवा येतो. मग स्वयंपाकघरातलं व्हिनेगर एकेक चमचा घाला. प्रत्येक चमच्याला ग्लासातलं पाणी गुलाबी होतं, आणि ढवळत राहिलात की काही वेळात पुन्हा जांभळं, मग निळं होत परततं. कारण मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतं. विरघळलेला थोडासा भाग आम्ल लगेच खाऊन टाकतं, पाणी आम्लधर्मी होतं, मग तरंगणाऱ्या पांढऱ्या कणांतून पुढचा भाग सुटतो. व्हिनेगर ४ टक्क्यांचं असेल तर साधारण २० मिलीला, म्हणजे चार चमच्यांना, पांढरेपणा जाऊन ग्लास पारदर्शक होतो आणि गुलाबी रंग टिकतो. समीकरण तेच, आम्ल फक्त असेटिक: एका मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडला दोन असेटिक आम्ल, मिळून मॅग्नेशिअम असेटेट आणि दोन पाणी.

याच ग्लासावरून आयनिक समीकरणही शिकवता येतं. सगळीकडे 'एच⁺ आणि ओएच⁻ मिळून पाणी' एवढंच लिहून सोडतात. इथे ते अपुरं आहे, कारण आम्लारी घन रूपात आहे. घन पदार्थ फोडून लिहायचा नाही. एमजी(ओएच)₂ घन म्हणूनच राहतो, त्यात २ एच⁺ मिळतात आणि एमजी²⁺ व २ एच₂ओ सुटतात. व्हिनेगरच्या जागी एचसीएल धरलं तर बाहेर नुसतं बघत राहणारा आयन क्लोराइड एकटाच. प्रभार मोजा: डावीकडे अधिक २, उजवीकडे अधिक २. अणू जुळले पण प्रभार जुळला नाही, तर समीकरण संतुलित झालेलं नाही.

औषध म्हणून मिल्क ऑफ मॅग्नेशियाची अडचण एकच, पण मोठी. मॅग्नेशिअमचे क्षार आतड्यात पाणी ओढून धरतात, म्हणून पोट साफ होतं. बद्धकोष्ठ असलेल्याला ते हवंच असतं, बाकीच्यांना नको असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

म्हणूनच बाजारातल्या बहुतेक जेलमध्ये मॅग्नेशिअमच्या जोडीला अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड असतं. ते उलट पोट बांधतं, दोघांचं मिळून जमतं. लेबलावर हमखास दिसणारं माप म्हणजे ५ मिलीत वाळवलेलं अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड जेल २५० मिलिग्रॅम, मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड २५० मिलिग्रॅम आणि सायमेथिकॉन ५० मिलिग्रॅम. सायमेथिकॉन समीकरणात घ्यायचं नाही. ते गॅसचे बुडबुडे फोडतं, आम्लाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

अ‍ॅल्युमिनिअमची संयुजा ३, म्हणून:

एएल(ओएच)₃ + ३ एचसीएल → एएलसीएल₃ + ३ एच₂ओ

हायड्रोजन ६-६, ऑक्सिजन ३-३, क्लोरीन ३-३. कागदावर हे सगळ्यांत ताकदवान अँटासिड आहे. एका ग्रॅमला शुद्ध अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड ३८.५ मिलीमोल आम्ल खातं, मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड ३४.३, कॅल्शिअम कार्बोनेट २०, खायचा सोडा ११.९. पण लेबलावरचा 'वाळवलेलं जेल' हा शब्द नीट वाचा. ते शुद्ध एएल(ओएच)₃ नसतं. औषधसंहितेची अट अशी की त्यात अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडच्या हिशेबाने किमान ४७ टक्के माल हवा. शुद्ध हायड्रॉक्साइडमध्ये हा आकडा ६५.४ टक्के येतो. म्हणजे २५० मिलिग्रॅमचं सगळं वजन एएल(ओएच)₃ धरून ७८ ने भागलं तर ९.६ मिलीमोल आम्ल येतं, आणि ४७ टक्क्यांनी काढलं तर ६.९. जवळजवळ २८ टक्क्यांचा फरक, तोही समीकरण अगदी बरोबर असताना. संतुलित समीकरण रेणूंचं प्रमाण सांगतं, डब्यातला माल किती शुद्ध आहे ते सांगत नाही. हा धडा शाळेच्या उदाहरणांतून फारसा मिळत नाही, जेलच्या लेबलावरून मात्र चांगला मिळतो.

मॅग्नेशिअमच्या २५० मिलिग्रॅमचे ८.६ आणि हे ६.९ मिळून चमच्याला १५.५ मिलीमोल. इथे आणखी एक चूक फार दिसते. दोन आम्लारी आहेत म्हणून मुलं एकच लांबलचक समीकरण लिहितात: एक मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड, एक अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड, पाच एचसीएल. अणू मोजले तर जुळतात, शिक्षकही कधी कधी बरोबरची खूण करतात. पण त्या समीकरणाचा अर्थ असा होतो की दोन्ही आम्लारी मोलला मोल समान आहेत. या चमच्यात मॅग्नेशिअम ४.३ मिलीमोल आहे आणि अ‍ॅल्युमिनिअम २.३. दोन स्वतंत्र अभिक्रियांची दोन स्वतंत्र समीकरणं लिहायची आणि बेरीज आम्लाची करायची, सूत्रांची नाही.

जेलबद्दल माझं मत चांगलं आहे. रोजच्या वापराला हा सगळ्यांत समतोल माल. फक्त बाटली न हलवता ओतली तर वरचं पातळ पाणी चमच्यात येतं आणि वरचा सगळा हिशेब वाया जातो. हे निलंबन आहे, द्रावण नाही. तळाशी बसलेला पांढरा थर हेच औषध. आणि टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर जेलसोबत घेऊ नका, मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. हे धातू त्या औषधांना धरून ठेवतात.

चघळायच्या गोळीत बहुतेक वेळा कॅल्शिअम कार्बोनेट असतं. इथे 'आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी' हा पाठ केलेला साचा मोडतो, आणि नेमकं तिथेच मुलं कार्बन डायऑक्साइड लिहायला विसरतात. मधली पायरी लिहायची सवय लावली तर विसर पडत नाही. आधी सीएसीओ₃ आणि २ एचसीएल मिळून सीएसीएल₂ आणि एच₂सीओ₃, म्हणजे कार्बोनिक आम्ल. ते टिकत नाही, लगेच पाणी आणि वायूत फुटतं. म्हणून शेवटी:

सीएसीओ₃ + २ एचसीएल → सीएसीएल₂ + एच₂ओ + सीओ₂

पाणी इथे एकच. मॅग्नेशिअमच्या सवयीने २ लावलं की ऑक्सिजन ३ ऐवजी ४ होतो आणि हायड्रोजनही बिघडतो. ५०० मिलिग्रॅमची गोळी ५ मिलीमोलची, ती १० मिलीमोल आम्ल संपवते आणि शरीराच्या तापमानाला साधारण १२५ मिली वायू सोडते. गोळी चावून बारीक करायची, गिळायची नाही. अख्ख्या गोळीला आम्ल बाहेरूनच लागतं, तिचा उरलेला भाग पुढे निघून जातो. झटपट आराम देणारी म्हणून ही गोळी चांगली, पण दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे घेण्याजोगी नाही. कॅल्शिअम रक्तात वाढतं.

खायचा सोडा घरोघरी असतो, आणि त्याचं समीकरण सगळ्यांत सोपं:

एनएएचसीओ₃ + एचसीएल → एनएसीएल + एच₂ओ + सीओ₂

एकास एक. सहगुणक लावायची गरजच नाही, आणि म्हणूनच मुलं इथे उगाच २ शोधत बसतात. मोजा: हायड्रोजन २-२, कार्बन १-१, ऑक्सिजन ३-३. झालं. पण एकास एक म्हणजेच ताकद कमी आणि पदार्थ जास्त लागतो. अर्धा चमचा, समजा २.४ ग्रॅम, म्हणजे २८.६ मिलीमोल. तेवढं आम्ल पोटात हजर असेल तर पाऊण लीटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटेल. ढेकर येतो आणि 'बरं वाटलं' असं वाटतं ते यामुळे. रिकाम्या पोटी मात्र एवढं आम्ल नसतं, आणि उरलेला सोडा रक्तात शोषला जातो. शिवाय त्या अर्ध्या चमच्यात सोडिअम ६५० मिलिग्रॅमहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाब असलेल्याने याकडे वळूच नये. भरल्या पोटावर मोठी मात्रा घेणं तर कुणीच करू नये, वायूचा ताण जठरावर येतो. प्रयोगासाठी सोडा घेताना डबा वाचून घ्या: बेकिंग पावडरमध्ये आम्लधर्मी क्षार आणि पीठ आधीच मिसळलेलं असतं, तिने हिशेब जुळणार नाही. धुण्याचा सोडा म्हणजे सोडिअम कार्बोनेट, तो वेगळा. त्याला दोन एचसीएल लागतात आणि तो पोटात जाऊ द्यायचा नाही.

फसफसणारी पुडी रसायनशास्त्राच्या दृष्टीने मला सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्यावर कधी स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्ल अशी नावं छापलेली असतात. स्वर्जिक्षार म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट आणि निंबुकाम्ल म्हणजे सायट्रिक आम्ल. पुडीत कोरडे असताना दोघं शांत बसलेले असतात. पाणी पडलं की आयन मोकळे होतात आणि अभिक्रिया पेटते, म्हणून फाटकी किंवा दमट झालेली पुडी निकामी असते. सायट्रिक आम्लाचं सूत्र सी₆एच₈ओ₇. त्यात हायड्रोजन ८ दिसतात म्हणून मुलं सोड्यापुढे ८ लावतात. आम्लधर्मी हायड्रोजन फक्त ३ आहेत, बाकीचे ५ रेणूत घट्ट बसलेले असतात आणि सुटत नाहीत.

सी₆एच₈ओ₇ + ३ एनएएचसीओ₃ → एनए₃सी₆एच₅ओ₇ + ३ एच₂ओ + ३ सीओ₂

कार्बन ९-९, हायड्रोजन ११-११, ऑक्सिजन १६-१६. मोठे आकडे बघून घाबरू नका. सोडिअम ३ जुळवला की बाकीचं आपोआप मागे येतं.

आता खरा प्रश्न. ग्लासातच आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवत असतील तर पोटात गेल्यावर आम्ल कोण मारतं? उत्तर त्या क्षारात आहे. सोडिअम सायट्रेट हा सौम्य आम्लाचा क्षार. हायड्रोक्लोरिकसारखं तीव्र आम्ल भेटलं की तो हायड्रोजन आयन पुन्हा पकडतो: एक सोडिअम सायट्रेट आणि ३ एचसीएल, मिळून ३ सोडिअम क्लोराइड आणि एक सायट्रिक आम्ल. सामू वाढत गेला की तिन्ही हायड्रोजन धरून ठेवणं त्याला जमत नाही, तरी बरंचसं काम तोच करतो. 'उदासीन झालं म्हणजे संपलं' ही समजूत या एका पुडीने मोडते. सोडिअमची अडचण मात्र इथेही तशीच राहते.

कॅप्सूलवर ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल अशी नावं असतात. त्यांच्यासाठी वहीत समीकरण लिहायला जाऊ नका. ती झालेलं आम्ल संपवत नाहीत, जठराच्या पेशींतून आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतात. म्हणून परिणाम उशिरा सुरू होतो आणि लांबतो. जेलशी त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही सगळी गणितं ताडून बघता येतात. जेलचं थेट अनुमापन (ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण घालून मोजणं) करू नका, घन कण हळू विरघळतात आणि शेवटचा बिंदू पुन्हा पुन्हा मागे फिरतो. उलट अनुमापन करा, म्हणजे आम्ल मुद्दाम जास्त घालून उरलेलं मोजा. अमेरिकेच्या औषधसंहितेतली पद्धत अशी: मात्रेत १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३० मिली घालायचं, १५ मिनिटं ढवळायचं, आणि उरलेलं आम्ल ०.५ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइडने सामू ३.५ येईपर्यंत मोजायचं. समजा ब्युरेट ३४ मिलीवर थांबली. म्हणजे उरलेलं आम्ल १७ मिलीमोल, आणि ३० वजा १७, चमच्याने १३ मिलीमोल खाल्लं. कागदावर १५.५ होते. वाळवलेलं अ‍ॅल्युमिनिअम जेल आळशी असतं, १५ मिनिटांत त्याचा सगळा भाग विरघळतोच असं नाही. तिथल्या नियमाने अँटासिड म्हणवून घ्यायला एका मात्रेत किमान ५ मिलीमोल आम्ल खपायला हवं.

सामू ३.५ का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारा. हाताशी असलेलं फिनॉल्फ्थॅलिन हे दर्शक (सामूप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ) घातलं तर ते ८ च्या वर रंग बदलतं, आणि तिथवर पोचायच्या आतच विरघळलेलं अ‍ॅल्युमिनिअम पुन्हा जेल होऊन खाली बसतं. एएलसीएल₃ आणि ३ एनएओएच मिळून एएल(ओएच)₃ आणि ३ एनएसीएल. अ‍ॅल्युमिनिअमने खाल्लेलं प्रत्येक आम्ल ब्युरेटमधल्या सोडिअम हायड्रॉक्साइडने परत भरून निघतं, आणि निकाल असा येतो की जणू अ‍ॅल्युमिनिअम बाटलीत नव्हतंच. पीएच मीटर नसेल तर ब्रोमोफिनॉल ब्लू घ्या, ते ३ ते ४.६ मध्ये पिवळ्याचं निळं होतं. गुलाबी रंगाचं जेल असेल तर दर्शकाचा रंग ओळखता येत नाही, प्रयोगासाठी पांढरंच आणा.